चालू गाडीची तक्रार

बंद पडलेली गाडी ढकलत कोणी गॅरेजच्या दारात आणली की मला हुरूप यायचा. धास्ती वाटायची ती चालू गाडी आली की. माणूस झोकात फटफटी चालवत यायचा, ती स्टँडवर लावायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, गाडी बंद पडते." गाडी समोर नीट धडधडत असायची. तिला हात लावायचा तरी कुठे?

माझं गॅरेज नाशिक फाट्यावर होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाक. आज त्या जागी उभं राहिलं तर रस्ता ओलांडायला सोबत लागते. तेव्हा, स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, मी भर रस्त्यात पोतं अंथरून इंजिनं उघडलेली आहेत. एखादी मोटार आलीच तर तीच बिचारी बाजूने जायची. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, बाकी सगळीकडे ज्वारी आणि बाभळी. मोटारसायकली अशा किती असणार? ज्या होत्या त्या बहुतेक लढाईत झिजून लष्कराच्या लिलावात निघालेल्या. मीही लढाईच्या दिवसांत लष्कराच्या एका वर्कशॉपात वायरिंग शिकलो आणि लढाई संपल्यावर बाहेर पडलो. म्हणजे मी आणि माझी गिऱ्हाइकं एकाच लिलावातली.

इंजिनाचं दुखणं सरळ असतं. वाजतं, धूर येतो, तेल गळतं. विजेचं दुखणं तसं नाही. त्यातही कायमची तुटलेली तार परवडली. टोकापासून तपासत गेलं की ती कुठेतरी सापडतेच. पण कधी जुळणारी आणि कधी सुटणारी तार म्हणजे एकांतरा ताप. ताप नसतो त्या दिवशी रोगी वैद्याकडे चालत येतो, वैद्य नाडी धरतो, नाडी सरळ. रोगी घरी पोचतो आणि थंडी वाजून आडवा होतो. मग घरची माणसं कोणाला नावं ठेवतात? वैद्याला.

माझं या कामात नाव झालं ते एका हवालदाराच्या फटफटीमुळे. तिचा भोंगा आपोआप वाजायचा. तोही नेमका साहेबांच्या बंगल्यापाशी. साहेबांना वाटे, हा आपल्याला चिडवतो. हवालदाराची बदली व्हायची पाळी आली होती. मी त्याला एवढंच विचारलं, "बंगल्यापाशी डावीकडे वळता का?" तो म्हणाला, "हो." हँडलच्या खाली, जिथे ते फिरतं, तिथे भोंग्याची तार सोलून निघाली होती. डावीकडे वळलं की ती सांगाड्याला टेके आणि भोंगा वाजे. चिंधी गुंडाळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात काम झालं. हवालदाराने ही गोष्ट सगळ्या तालुक्यात सांगितली, आणि मलाही वाटायला लागलं की विजेचं आपल्याला काही अवघड नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी चाकणजवळच्या निघोजे गावचे सोपानराव आले.

ते आले बैलगाडीतून. गाडीत खाली कडबा पसरून त्यावर फटफटी निजवलेली होती, बाळंतीण माहेरी आणावी तशी. सोपानराव बाजूला बसले होते. चाळिशीचा उंच माणूस, फेटा, काळा कोट, धोतर. चाकणच्या बाजारात कांद्याचा मोठा व्यवहार. बोलणं कमी आणि सावकाश.

"मिस्त्री, चालता चालता मरती," ते म्हणाले.

आम्ही चौघांनी गाडी खाली उतरवली. सोपानरावांनी हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्यातून गाडीची किल्ली नखाने सोडवून मला दिली. मी किल्ली लावली, किक मारली. पहिल्या किकेला इंजिन चालू झालं. गाडीवान हसायला लागला. सोपानराव हसले नाहीत. "हे असंच करती," म्हणाले.

मी तपासायला बसलो. बॅटरीच्या टोकांवर हिरवी बुरशी चढली होती. मला आनंद झाला. बुरशी खरवडली, टोकं घट्ट केली आणि सोपानरावांना अभिमानाने सांगितलं, "जा. आता नाही बंद पडायची." पुढच्या बाजाराच्या दिवसानंतर बैलगाडी परत दारात.

या वेळी टाकीखालची तार घासलेली सापडली. मी एक तार बदलायच्या ऐवजी सगळ्या तारा नव्या घातल्या. गाडी परत आली. मग ठिणगी तयार करणारी कॉइल बदलली. पुण्याच्या जुन्या बाजारात पायपीट करून तसलीच मिळवली. तरी परत आली. एक सांगून ठेवतो, जुन्या गाडीत दोष शोधायला बसलं की काही ना काही सापडतंच, आणि सापडलं की तोच चोर वाटतो. गावात चोरी झाली की पहिला दिसेल तो फिरस्ता धरतात, तसं. मी असे बरेच निरपराध फिरस्ते धरले.

गाडी मी चालवूनही पाहिली. भोसरीपर्यंत गेलो, मोशीच्या पुलापर्यंत गेलो, मुद्दाम खड्डे शोधून त्यात घातली. कमरेचे टाके ढिले झाले, पण गाडी एकदा खोकलीसुद्धा नाही. सोपानराव बाकावर बसून असायचे, जुडगं मांडीवर ठेवून. मी परत आलो की माझ्या तोंडाकडे बघायचे.

"चालली?"

"चालली."

"तुमच्या हाती चालती. माझ्या हाती चालत न्हाई. जनावर माणूस वळखतं, तसं हाय."

मला राग यायचा. गाडीचा नव्हे, स्वतःचाच. आणि थोडा सोपानरावांचाही, कारण ते माझ्यावर रागवत नव्हते. रागावणारं गिऱ्हाईक बरं असतं, त्याच्याशी भांडता येतं.

चौथ्या की पाचव्या खेपेला मी चहा मागवला आणि म्हटलं, "सोपानराव, मला सगळं सांगा. गाडी कुठे बंद पडते, कधी पडते, तेव्हा तुम्ही काय करत असता."

त्यांनी बशीत चहा ओतला, प्यायले, आणि खाली बघत म्हणाले, "गाव म्हणतं, थोरला थांबवतोय."

थोरला म्हणजे त्यांचा मोठा भाऊ, नामदेव. ही गाडी त्याची. लष्करात होता, निरोप पोचवायची फटफटी चालवायचा. लढाईनंतर लिलावात ही गाडी घेऊन गावी आला. तिच्यावर त्याचा जीव. तीन वर्षांपूर्वी विषमज्वराने गेला. मूलबाळ नव्हतं. मागे बायको राहिली, गयाबाई.

"तो असताना घरच्या किल्ल्या वैनीच्या कमरेला असायच्या," सोपानराव सांगत होते. "धान्याची खोली, कांद्याची वखार, कपाट, सगळं. तो गेला. वरीस झालं. मग आमच्या घरात बोलणं निघालं, आता कारभार तुमचा, तर किल्ल्या कुणाकडं?"

'आमच्या घरात' म्हणजे त्यांच्या बायकोने, शेवंताबाईने, हे मला विचारावं लागलं नाही.

"वैनीनं ऐकलं. काय बोलली न्हाई. कमरेचं जुडगं काढून माझ्यापुढं ठिवलं. आता शेवंतीला द्यावं, तर वैनीला काय वाटंल? वैनीला परत द्यावं, तर शेवंती घरात राहू देणार न्हाई. म्हणून म्या माझ्याकडंच ठिवलं."

"मग प्रश्न मिटला की."

"मिटतोय कुठला. दोघी माझ्याशी बोलत्यात, एकमेकींशी न्हाई."

मग कळलं की हा माणूस घरचं सगळं कुलूपबंद करून रोज बाजाराला जात होता. गूळ पाहिजे, धनी येईपर्यंत थांबा. पाहुणे आले, साखर कपाटात, किल्ली चाकणला. कोटाच्या खिशात जुडगं ठेवावं तर खिसा दोनदा फाटला. कमरेला बांधावं तर चालताना धोतर सुटायची धास्ती. आणि ज्या दिवशी गाडी रस्त्यात मरे, त्या दिवशी सोपानराव तर अडकतच, शिवाय मागे निघोज्याला अख्खं घर बिनतेलाचं बसे.

"आन् गाव म्हणतं," ते शेवटी म्हणाले, "थोरल्याच्या बायकोच्या किल्ल्या काढल्या, म्हणून थोरला गाडी अडवतोय."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं वायर तुटली असंल," ते म्हणाले. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते त्यावरून वायर तुटलेली निघावी अशी त्यांची फार इच्छा दिसत होती.

मी ठरवलं, आता रोगी आपल्याकडे येऊ द्यायचा नाही. ताप चढलेला असताना त्याच्या घरी जायचं. एका बाजारानंतरच्या दिवशी मी कांद्याच्या रिकाम्या ट्रकमधून नाशिक रस्त्याने गेलो, निघोज्याच्या फाट्यावर उतरलो आणि पिशवीत पक्कड, दिवा आणि तारा घेऊन गावात चालत पोचलो.

सोपानरावांनी आधी जेवायला बसवलं. पानं मांडली आणि आतून आवाज आला, "गूळ काढायचाय." सोपानराव पाटावरून उठले, जुडगं घेऊन कपाटाशी गेले. एक किल्ली लावली. लागेना. दुसरी लावली. तिसरी लावली. चुलीपाशी शेवंताबाई भाकरी थापत होत्या, उंबऱ्याशी गयाबाई वाढायला उभ्या होत्या, आणि दोघी दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने कपाट उघडलं. गूळ पानात पडेपर्यंत माझी अर्धी भाकरी झाली होती.

गयाबाई बारीक चणीच्या, कपाळ मोकळं, आवाज शांत. मला वाढताना म्हणाल्या, "तुमीच का ते मिस्त्री?"

"हो."

"सापडलं का?"

"आज सापडेल."

"जुडगं माझ्याजवळ व्हतं तवर गाडी एकदाबी बंद पडली न्हाई," त्या म्हणाल्या. मिठाचा भाव सांगावा तसं सांगितलं. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. सोपानरावांनी मान खाली घातली.

मला हसू आलं. मी आपला जाणता माणूस. मी त्यांना समजावून सांगितलं. "बाई, विजेला घरातलं काही कळत नसतं. बॅटरीतून निघते, तारेतून जाते, ठिणगी पाडते. तार असली तर जाते, नसली तर थांबते. किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हे तिला कोण सांगणार?"

"असंल," गयाबाई म्हणाल्या आणि माझ्या पानात आमटी वाढली.

जेवण झाल्यावर सोपानरावांनी गाडी काढली. मी मागे बसलो. एवढ्या खेपांमध्ये ते चालवतायत आणि मी बघतोय असं प्रथमच होत होतं. गावातून नाशिक रस्त्याकडे जाणारी वाट म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि मधे दगड. आम्ही दोघं धोपटत निघालो. ओढा ओलांडला, चढ लागला, आणि गाडी एकदम गप्प झाली. खोकणं नाही, धाप लागणं नाही. दिवा विझवावा तशी.

मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. लग्न ठरलं तेव्हाही एवढा झाला नसेल. मी उडी मारून उतरलो आणि ओरडलो, "कशालाही हात लावू नका."

सोपानराव दोन्ही हात वर करून उभे राहिले.

मी गाडीचा दिवा लावून पाहिला. लागला, म्हणजे बॅटरी ठीक. तो परत बंद केला. या गाडीला हेडलाइटजवळ करंट दाखवणारा काटा होता. किल्ली चालू असेल तर तो थोडा तरी सरकायला हवा. तो ठार शून्यावर. म्हणजे करंट स्विचच्या पुढे जात नव्हता. स्विचमागच्या तारा बघायला मी वाकलो, तर मधे ते जुडगं लोंबत होतं, नारळाएवढं. ते मी डाव्या हाताने जरा वर उचललं.

काटा हलला.

जुडगं सोडलं. काटा शून्यावर. उचललं, हलला. सोडलं, शून्य.

मी तिथे दगडावर बसलो. आता वाचकांना सांगतो. लष्कराच्या फटफटीला किल्ली नसतेच. लढाईत किल्ली हरवली तर पुढे जायचं कसं? गावात आल्यावर कोणीही गाडी चालू करू नये म्हणून नामदेवने एका मोटारीचा किल्लीचा स्विच काढून पुढे पत्र्यावर बसवला होता. तो एकटी किल्ली लावायचा, काही त्रास नव्हता. सोपानरावांनी त्या किल्लीला घरचं सगळं जुडगं लटकवलं. निघोज्याच्या वाटेवर ते घंटेसारखं झुलत राहिलं आणि स्विचच्या आतलं पितळ झिजलं. आता जुडगं खाली ओढायला लागलं की आतली जोडणी सुटायची. सोपानराव मदत शोधायला जाताना किल्ली काढून नेत. गॅरेजात येऊन जुडग्यातून ती सोडवत आणि एकटी किल्ली माझ्या हातात देत. एकट्या किल्लीने गाडी चालणारच. परक्या माणसाच्या हाती घरच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत हे मला इतकं रास्त वाटत होतं की मी त्यांच्या हाताकडे कधी बघितलंच नव्हतं.

एवढ्यात आजूबाजूच्या शेतांतून माणसं जमली. गाडी बंद पडलेली त्यांना लांबूनही कळायची, सवय झाली होती. पुढे होते नामाजी आबा, म्हातारे गुराखी, काठीवर हनुवटी टेकून.

"सापडलं का काय?" त्यांनी विचारलं.

मी इतका फुगलो होतो की मी त्यांना सगळ्यांना जवळ बोलावलं आणि करून दाखवलं. हे बघा, जुडगं उचललं, काटा हलला. सोडलं, मेला. परत एकदा करून दाखवलं. मागचे दिसलं नाही म्हणाले, तर त्यांना पुढे घेऊन आणखी एकदा.

एका बाईने गाडीला हात जोडले.

"म्हंजे जुडग्यापायी बंद पडती," नामाजी आबा म्हणाले.

"हो."

"गयाच्या कमरेचं जुडगं हितं आलं, आन् गाडी बंद पडाया लागली."

"हो, पण ते वजनामुळे, आबा. आतलं पितळ झिजलंय."

"व्हय, पितळ झिजलं," आबांनी मान डोलावली. "पर झिजवलं कुणी?"

मी जुडगं हातातून सोडून दिलं. मी सोपानरावांकडे बघितलं. त्यांचा चेहरा काळा ठिक्कर पडला होता. माणसं पांगल्यावर ते हळूच म्हणाले, "मिस्त्री, हे मला एकट्याला सांगायचं की."

परत येताना जुडगं माझ्या मांडीवर होतं. गाडी नव्यासारखी चालली. पण आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. कशी पोचली कोण जाणे, आम्ही फटफटीवर होतो आणि ती पायी गेली होती. दारात गयाबाई उभ्या, शेवंताबाई उभ्या, कुंपणापलीकडे चार शेजारी.

सोपानरावांनी माझ्या हातातून जुडगं घेतलं. अंगणाच्या मधोमध आले. मग दोन पावलं पुढे जाऊन ते बायकोपुढे धरलं. मला वाटलं, सगळ्यात सोपं ते उरकून घेतायत.

शेवंताबाई मागे सरकल्या. "मला नको. थोरल्यांचा राग हाय त्यात. आन् मी कधी मागितलं?"

त्यांनी मागितलं होतं हे अंगणातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

सोपानराव वहिनीकडे वळले. "वैनी."

"मलाबी नको, भावजी. एकदा उतरवून ठिवलं, ते ठिवलं."

ज्या जुडग्यापायी दोन वर्षं त्या घरात अबोला होता, ते आता कोणी घेईना. सोपानराव हात लांब करून तसेच उभे. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "मिस्त्री, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. गॅरेजात ठिवा."

मी पिशवी छातीशी धरून मागे सरलो. मला फक्त वायरिंग येत होतं.

शेवटी गयाबाई ओट्यावर बसल्या. "आणा हिकडं," म्हणाल्या. "घ्यायला न्हाई. बघायला."

त्यांनी जुडगं मांडीवर घेतलं, एक लांबट गंजकी किल्ली वर धरली. "ही कशाची, भावजी?"

सोपानराव बघत राहिले. "वखारीची?"

"गोठ्याची. गोठा पडला त्याला किती पावसाळे झाले?"

त्यांनी मला खूण केली. मी पक्कडीने कडी फाकवली आणि ती किल्ली बाहेर काढली. दुसरी किल्ली सासऱ्यांच्या पेटीची निघाली, पेटी केव्हाच मोडीत गेली होती. तिसरी नदीकाठच्या खोपीची, खोप वाहून गेली होती. चौथीचं कुलूप गयाबाईंनाच आठवेना, मग शेवंताबाई दारातून म्हणाल्या, "ते जात्याच्या खोलीचं व्हतं, आक्का. कुलूप पोरांनी विहिरीत टाकलं." असं म्हणत त्या ओट्यापर्यंत आल्या आणि खाली बसल्या. किल्ल्यांचा ढीग वाढत चालला. निम्म्याहून जास्त किल्ल्यांना कुलपंच नव्हती. सोपानराव दोन वर्षं पडलेल्या गोठ्याच्या आणि वाहून गेलेल्या खोपीच्या किल्ल्या चाकणला नेत होते आणि परत आणत होते, कारण कुठली कशाची हे वहिनीला विचारायची त्यांची छाती झाली नव्हती.

"आन् म्हणून त्यो गूळ," शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून हसत होत्या. गयाबाई हसल्या नाहीत, पण ओठ दाबून धरलेले दिसत होते. सोपानराव खांबाला टेकून उभे, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे.

एक लहान किल्ली आली. गयाबाईंनी ती मला दिली नाही, ढिगातही टाकली नाही. मुठीत ठेवली. ती नामदेवच्या लष्करातल्या ट्रंकेची होती, हे मला सोपानरावांनी नंतर सांगितलं. तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि पुढची किल्ली त्यांनी दुसऱ्या हाताने उचलली.

उरल्या चार-पाच किल्ल्या. "ह्या आता कुणाकडं?" सोपानरावांनी भीत भीत विचारलं.

"चुलीवरच्या खुंटीला लावा," शेवंताबाई म्हणाल्या. "लागंल ती घेईल."

"चुलीवर तेलकट होत्याल," गयाबाई म्हणाल्या. "देव्हाऱ्याशेजारी लावा."

"देव्हाऱ्याशी अंधार असतो, आक्का. किल्ली दिसायची न्हाई."

"मग तुला बघूनच घ्यायला पायजे का? हाताला लागती की."

दोघींचं त्यावर चांगलं लांबलं. सोपानरावांनी मला डोळ्यांनी बाहेर चलायची खूण केली. अंगणात येऊन त्यांनी फेटा काढून घाम पुसला. आतून दोघींचे आवाज येत होते, एकमेकींवर चढत. "बोलत्यात," ते म्हणाले.

स्विच मी बदलला, पितळ झिजलेलं होतंच. पण निघोज्यात माझं नाव झालं ते स्विचमुळे नव्हे. पुढे त्या बाजूची कुठलीही वस्तू, सायकलचा दिवा असो की पाण्याचं इंजिन, माझ्याकडे आली की मालक आधी घरातलं सांगे. "मिस्त्री, सासऱ्याशी जरा बिनसलंय," आणि मग, "इंजिन चढावर दम टाकतं." मी सुरुवातीला थांबवत असे. नंतर ऐकायला लागलो. दोष बहुतेक वेळा इंजिनातच निघायचा, पण गिऱ्हाईक हलकं होऊन जायचं.

वर्ष उलटलं असेल. एके दिवशी फाट्यावर तीच बैलगाडी आली, कडब्यावर तीच फटफटी, बाजूला सोपानराव. मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"बंद पडली," ते म्हणाले. पण बाकावर बसले नाहीत. माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात सांगायला लागले. "मिस्त्री, घरात सगळं ठीक हाय. किल्ल्या खुंटीलाच हायत्या. वैनीला यंदा नवं लुगडं घेतलं, शेवंतीच्या आधी घेतलं. वखारीचा हिशोब वैनीच बघती. काय चुकलंय ते मला तरी ठावं न्हाई."

मी किक मारली. काही नाही. किल्ली एकटी होती, काटा हलत होता, ठिणगी पडत होती. मी गाडी जरा हलवून पाहिली, मग टाकीचं झाकण उघडलं आणि आत काडी बुडवली. काडी कोरडी आली.

"सोपानराव, पेट्रोल संपलंय."

त्यांनी माझ्या हातातली काडी घेतली, उन्हात धरून पाहिली, टाकीत डोकावले. बराच वेळ डोकावले.

"मग म्या सकाळी वैनीच्या पाया पडलो, त्ये?"

"कशाबद्दल पडलात?"

"गाडी बंद पडली म्हणून. काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घ्या म्हणलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

सोपानरावांनी काडी टाकून दिली. "काय चुकलं ते तिनं इचारलंच न्हाई. डोक्यावर हात ठिवला आन् म्हणली, उशीर केला, पर बरं झालं."